अमेरिकेतल्या ख्रिस्ती विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक मीडिया शिकायचंय? अर्जापासून चॅपेलच्या कंट्रोल रूमपर्यंत

मुंबईत झेवियर्स किंवा विल्सनमध्ये शिकलेल्यांना ‘ख्रिस्ती कॉलेज’ म्हटलं की जुनी दगडी इमारत आठवते, आवारातलं प्रार्थनामंदिर आठवतं आणि वर्गात बसलेली सगळ्या धर्मांची मुलं आठवतात. प्रार्थनेला कोण आलं, कोण नाही, याची तिथे कुणी नोंद ठेवत नाही. अमेरिकेतल्या अनेक इव्हँजेलिकल विद्यापीठांत ठेवतात. चॅपेलची, म्हणजे आवारातल्या प्रार्थनामंदिरातली, उपासना हा तिथे वेळापत्रकाचा भाग असतो. कुठे ती आठवड्यातून एकदा, कुठे रोज; आणि हजेरी कमी भरली तर त्याचा परिणामही होतो.

अर्ज करावा की नाही, हे या एका फरकावर ठरवा. मीडिया शिकणाऱ्याची खरी संधीही त्याच फरकात आहे. चॅपेल म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या सभागृहात, खऱ्या श्रोत्यांपुढे होणारा थेट कार्यक्रम, आणि बऱ्याच ठिकाणी त्याचे कॅमेरे, मिक्सर (सगळे आवाज जुळवणारं यंत्र) आणि स्विचर (कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवायचं ते बदलणारं यंत्र) विद्यार्थीच चालवतात. इतर कॉलेजांत एका सत्रात दोन-चार थेट कार्यक्रम हाताला लागले तरी पुष्कळ. इथे ते दर आठवड्याला असतात. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा चॅपेललाच दिली आहे.

अर्ज करण्याआधी वाचायची कागदपत्रं

पहिला कागद विश्वास-निवेदनाचा. विद्यापीठ कशावर विश्वास ठेवतं ते त्यात असतं. ते विद्यार्थ्याने मान्य करायचं आहे की फक्त प्राध्यापकांनी, हे नीट पाहा. कॅलिफोर्नियातलं बायोला विद्यापीठ पदवीच्या वर्गांत ख्रिस्ती विश्वास असलेल्यांनाच प्रवेश देतं. टेक्सासमधल्या बेलरमध्ये तशी अट नाही. मात्र धर्माचे दोन अभ्यासक्रम आणि दोन सत्रांचं चॅपेल पदवीसाठी लागतं. दुसरा कागद आचारसंहितेचा. त्यात दारू, सिगारेट, वसतिगृहातल्या भेटीच्या वेळा, लैंगिक आचरण हे सगळं लिहिलेलं असतं आणि त्यावर सही करायची असते. सही झाली की ‘वाचलं नव्हतं’ ही सबब चालत नाही.

काही ठिकाणी अर्जासोबत स्वतःच्या विश्वासाची साक्ष आणि पाळकांचं शिफारसपत्र मागतात. अहिल्यानगर किंवा जालन्याच्या ख्रिस्ती मंडळीत वाढलेल्या मुलाला हे पत्र सहज मिळेल. हिंदू, बौद्ध किंवा काहीच न मानणाऱ्या विद्यार्थ्याने खोटी साक्ष लिहू नये. नैतिकतेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी चार वर्षं ते नाटक निभावणं जड जातं. अट नसलेली विद्यापीठं आहेत, तिथे सरळ खरं लिहून अर्ज करा.

तिसरी गोष्ट मान्यतेची. विद्यापीठाला एसएसीएससीओसी, एचएलसी, डब्ल्यूएससीयूसी अशा विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या मोठ्या संस्थेची मान्यता आहे का, हे बघा. फक्त बायबल कॉलेजांच्या संस्थांची मान्यता असली तरी ते विद्यापीठ बोगस ठरत नाही. पण तिथले क्रेडिट दुसरीकडे नेताना अडचण येते.

चौथी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: आय-२० वर, म्हणजे विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या दाखल्यावर, छापलेला सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा सरकारी क्रमांक. पदवीनंतर कामाची परवानगी, म्हणजे ओपीटी, १२ महिन्यांची असते. कोड स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर पात्र नोकरीवर आणखी २४ महिने मिळू शकतात. ०९.०७०२, म्हणजे डिजिटल कम्युनिकेशन आणि मल्टिमीडिया, हा त्या यादीत आहे. ०९.०७०१, म्हणजे रेडिओ आणि टेलिव्हिजन, हा नाही. दोन विद्यापीठांत अभ्यासक्रम जवळपास सारखा आणि कोड मात्र वेगळा, असं होतं. प्रवेश कार्यालयाला ई-मेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

स्टुडिओचे चकचकीत फोटो पाहून ठरवू नका. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. चॅपेलचं प्रक्षेपण पगारी कर्मचारी करतात की विद्यार्थी? पहिल्या वर्षाच्या मुलांना त्यात घेतात का? विभागातली मुलं बाहेरच्या कोणत्या मोठ्या प्रक्षेपणात काम करतात? केंटकीतल्या अ‍ॅस्बरी विद्यापीठाचे विद्यार्थी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून ऑलिंपिकच्या प्रक्षेपणात काम करत आले आहेत. गाव छोटंसं, पण विद्यार्थ्याच्या बायोडेटातली ती एक ओळ फार मोलाची.

सामानात काय घ्यावं, काय घरी ठेवावं

कॅमेरा विकत घेऊन नेऊ नका. विभागाच्या साहित्य-खोलीतून तो मिळतो. स्वतःचे असावेत ते कान झाकणारे बंद हेडफोन, १ किंवा २ टीबीची एसएसडी, दोन मेमरी कार्डं आणि बऱ्यापैकी लॅपटॉप.

भारतातून वायरलेस माइक न्यायचा असेल तर आधी त्याची फ्रिक्वेन्सी वाचा. अमेरिकेत ६१७ ते ६५२ आणि ६६३ ते ६९८ मेगाहर्ट्झ हे पट्टे मोबाइल कंपन्यांकडे गेले आहेत. १३ जुलै २०२० नंतर तिथे वायरलेस माइक वापरणं बेकायदा आहे. २.४ गिगाहर्ट्झचे छोटे माइक कायद्याला चालतात. पण सभागृहात पाचशे फोन वाय-फाय शोधत असले की ते मधूनमधून गप्प होतात.

विजेचं गणित तर पूर्ण बदलतं. आपल्याकडे २३० व्होल्टवर १००० वॉटचे तीन हॅलोजन दिवे मिळून १३ अँपिअर घेतात, १६ अँपिअरच्या सॉकेटवर निभावून जातं. तिथे १२० व्होल्टवर तेच दिवे २५ अँपिअर मागतात आणि २० अँपिअरचा ब्रेकर पडतो. शिवाय सलग चालणाऱ्या भारासाठी ब्रेकरच्या ८० टक्केच धरायचे, म्हणजे १६ अँपिअर, १९२० वॉट. अशा दोन दिव्यांनीच ही मर्यादा ओलांडली जाते. एका खोलीतली चार सॉकेट बहुधा एकाच ब्रेकरवर असतात, हेही ध्यानात ठेवा.

वीज ६० हर्ट्झची असल्यामुळे कॅमेऱ्याची सवयही बदलावी लागते. आपण २५ फ्रेम आणि १/५० शटर लावतो. तिथे ते लावलं की काही ट्यूबलाइट आणि एलईडी चित्रात लुकलुकतात. २९.९७ किंवा ५९.९४ फ्रेम ठेवा, शटर १/६० किंवा १/१२०. घरून आणलेलं २५ फ्रेमचं चित्रीकरण या टाइमलाइनवर टाकलं तर हालचालीत झटके दिसतात.

चॅपेलचा दिवस

समजा उपासना १० वाजता आहे. तीन कॅमेरे, एक स्विचर, सभागृहाचा एक आणि प्रक्षेपणाचा एक असे दोन ध्वनिमिक्स, गीतांचे शब्द दाखवणारा एक जण आणि दिग्दर्शक. म्हणजे आठ जण. नवख्याला आधी केबल, मग कॅमेरा, मग गीतांचे शब्द, आणि शेवटी स्विचर मिळतो. या क्रमाबद्दल कुरकुर करू नका. ज्याला केबल कुठून कुठे गेली ते माहीत नाही, त्याला स्विचरवर काळा पडदा आला की काय करावं ते सुचत नाही.

८:१५. आधी मिक्सर आणि स्टेजबॉक्स (मंचावरच्या माइकच्या केबल जिथे जोडतात तो डबा) सुरू करा, स्पीकरचे अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी. बंद करताना उलटा क्रम, अ‍ॅम्प्लिफायर आधी. हा क्रम चुकला की सभागृहात धप्पकन आवाज होतो आणि तो स्पीकरच्या जिवावर बेतू शकतो. ४८ व्होल्टचा फँटम (केबलमधूनच माइकला जाणारी वीज) फक्त ज्या माइकना लागतो त्यांनाच द्या, आणि देताना ती वाहिनी म्यूट असू द्या.

८:३०. इनपुटची यादी हातात घ्या. एकाने मंचावर प्रत्येक माइकपुढे बोलायचं आणि दुसऱ्याने मिक्सरवर खूण करत जायचं. डिजिटल मिक्सरवर साधं बोलणं उणे १८ डीबीएफएसच्या (डिजिटल आवाजाचं माप; शून्य म्हणजे कमाल) आसपास आणि उसळी उणे १० च्या आत राहील एवढा गेन, म्हणजे माइकच्या आवाजाची वाढ, द्या. तपासणीत वक्ता ‘वन, टू’ असं पुटपुटतो आणि संदेशात मात्र गर्जतो. म्हणून त्याला बायबलमधला एखादा उतारा खऱ्या आवाजात वाचायला सांगा.

वक्त्याच्या गालावरचा माइक आणि व्यासपीठावरचा माइक दोन्ही उघडे राहिले तर एकच आवाज दोन वेळांना पोहोचतो आणि नळातून आल्यासारखा पोकळ लागतो. मग नवखे लोक इक्वलायझरशी झटापट करत बसतात. एक माइक म्यूट करा, काम झालं.

९:००. प्रक्षेपणाचा ध्वनी. इथली चूक सर्वांत जास्त वेळा होते. सभागृहाच्या स्पीकरना जाणारा मिक्स जसाच्या तसा इंटरनेटवर पाठवतात आणि घरी ऐकणाऱ्याला फक्त गायक ऐकू येतो, ड्रम नाहीच. कारण साधं आहे. ड्रम मुळातच मोठा वाजतो, म्हणून सभागृहाच्या मिक्समध्ये तो जवळपास नसतो. प्रक्षेपणाला वेगळा मिक्स हवा. तो हेडफोनवर तपासा आणि तेही वेगळ्या खोलीत. सभागृहात बसून हेडफोन लावला तर खोलीचा आवाज कानात शिरतोच.

मंडळीचं गाणं टिपायला दोन माइक लावतात. ते मंचापासून १५ मीटरवर असतील तर मंचाचा आवाज तिथे सुमारे ४४ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि प्रक्षेपणात प्रतिध्वनी येतो. म्हणून प्रक्षेपणाच्या मिक्समध्ये मंचावरच्या माइकना तेवढाच विलंब द्या. चित्रही स्विचरमधून येताना दोन-तीन फ्रेम मागे पडतं (५९.९४ वर तीन फ्रेम म्हणजे ५० मिलिसेकंद), त्यामुळे ओठ आणि शब्द बरेचसे आपोआप जुळतात. मंचावर कुणाला तरी टाळी वाजवायला लावून रेकॉर्डिंगवर खात्री करून घ्या.

९:१५. कॅमेरे. तिन्हींचा फॉरमॅट एकच. व्हाइट बॅलन्स हाताने, मंचाच्या दिव्यांप्रमाणे ३२०० किंवा ५६०० केल्व्हिन. एकही कॅमेरा ऑटोवर नको. नाहीतर मागच्या पडद्यावरची निळी चित्रफीत बदलली की वक्त्याचा चेहरा नारिंगी होतो. गोऱ्या चेहऱ्याला वेव्हफॉर्मवर (चित्राचा उजेड मोजणाऱ्या आलेखावर) ६० ते ७० टक्के ठीक, आणि कॅमेऱ्यांचे झेब्राही (ठरलेल्या उजेडाच्या भागावर दिसणारे तिरपे पट्टे) बहुधा ७० वर लावलेले असतात. आफ्रिकी किंवा भारतीय वक्त्याचा चेहरा त्याच रेषेपर्यंत चढवायला गेलात तर त्याचा पांढरा शर्ट जळतो आणि चेहरा राखेसारखा दिसतो. ४५ ते ५५ वर ठेवा. आपल्या लोकांचे फोटो बिघडवणारी ही चूक आपल्याच मुलाने करू नये.

९:३०. उपासनेच्या संयोजकाला एक प्रश्न न चुकता विचारायचा: आजचा वक्ता ऑनलाइन दाखवायचा आहे ना? काही मिशनरी अशा देशांत काम करतात जिथे त्यांची ओळख उघड झाली तर त्यांच्या किंवा तिथल्या लोकांच्या जिवाला धोका होऊ शकतो. अशा दिवशी फक्त सभागृहातला पडदा चालू ठेवायचा आणि प्रक्षेपण व रेकॉर्डिंग दोन्ही बंद. हे विसरलात तर नंतर व्हिडिओ काढून टाकून भरपाई होत नाही.

९:४०. इंटरनेट. १०८० रिझोल्यूशन, ३० फ्रेम, एच.२६४, ४.५ ते ६ एमबीपीएस, दर २ सेकंदांनी कीफ्रेम (पूर्ण साठवलेली फ्रेम), ध्वनी ४८ किलोहर्ट्झ आणि १२८ केबीपीएस. अपलोडचा वेग याच्या दुप्पट तरी हवा आणि तोही तारेने. वाय-फायवर भरवसा ठेवू नका. रेकॉर्डिंग जागेवरच वेगळं करा. प्रोरेस ४२२ या रेकॉर्डिंगच्या फॉरमॅटमध्ये २९.९७ फ्रेमला तासाला साधारण ६६ जीबी लागतात, म्हणून डिस्कवर मोकळी जागा किती आहे ते आधी बघा.

१०:००. दिग्दर्शक म्हणतो, ‘रेडी टू… टेक टू.’ ‘रेडी’ ऐकलं की दोन नंबरच्या कॅमेऱ्याने स्थिर व्हायचं, नवीन काही शोधायचं नाही. टॅली (कॅमेरा प्रक्षेपणावर आहे हे दाखवणारा दिवा) लाल असेपर्यंत फोकस चाचपडायचा नाही. इंटरकॉमवर फक्त कामाचं बोलायचं.

प्रार्थनेच्या वेळी लांबचा शॉट घ्या. डोळे मिटून रडणाऱ्या मुलीचा चेहरा जवळून दाखवणं दृश्य म्हणून कितीही प्रभावी असलं, तरी ती प्रेक्षकांसाठी रडत नसते.

११ नंतर. फायली दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच करायचं, लॅपटॉपवर नाही. केबल कोपराला गुंडाळली तर आतल्या तारा पिळतात. एक वेढा सरळ आणि एक उलटा, अशी गुंडाळायची. अपलोड करण्याआधी ध्वनीची पातळी मोजा. यूट्यूब उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आसपास धरतं आणि मोठा आवाज खाली आणतं; पण हळू आवाज वर नेत नाही. टीव्हीसाठी मात्र उणे २४ एलकेएफएस (तेच माप, दुसरं नाव) लागतं.

गाण्यांचे हक्क

उपासनेच्या ओघात, उपासनेच्या जागी गीत गायला अमेरिकेचा कॉपीराइट कायदा, कलम ११०(३), सूट देतो. ही सूट त्या चार भिंतींपुरतीच आहे. तेच गीत इंटरनेटवर गेलं की परवाना लागतो; चर्चमध्ये तो बहुधा सीसीएलआय या ख्रिस्ती गीतांचे परवाने देणाऱ्या संस्थेचा असतो. त्याच्या साध्या स्ट्रीमिंग परवान्यात मंचावर प्रत्यक्ष गायलेलं गीत येतं. मूळ ध्वनिमुद्रण किंवा त्याचे मल्टिट्रॅक (प्रत्येक वाद्याचे सुटे ट्रॅक) वाजवायचे असतील तर वरच्या श्रेणीचा परवाना लागतो. उपासनेआधी सभागृहात वाजणारी गाण्यांची यादी प्रक्षेपणात गेली की दावा येतो आणि सगळा व्हिडिओ अडकतो. उपाय: तेवढा वेळ प्रक्षेपणावर हक्क घेतलेलं लायब्ररी संगीत आणि उलटी गणती.

जुनी गीतं बरीचशी मोकळी आहेत. प्रकाशनानंतरची ९५ वर्षं सरली की अमेरिकेत हक्क संपतात. एखाद्या दिवशी मराठी गीत गायची संधी मिळाली तर रेव्हरंड ना. वा. टिळकांकडे वळा. ते १९१९ साली गेले, त्यांच्या हयातीत छापलेल्या शब्दांवर आता कुणाचा हक्क नाही. मात्र त्याला कुणी गेल्या दहा वर्षांत नवीन चाल किंवा वाद्यमेळ दिला असेल, तर तो त्याचा आहे.

व्यवस्थापनाचा अर्धा भाग

प्रॉडक्शनच्या नादात मुलं केंद्र चालवण्याच्या या कामाकडे दुर्लक्ष करतात. नोकरीत मात्र वर चढवतो तो हाच भाग. विद्यापीठाचं रेडिओ केंद्र असेल तर एक सत्र तिथे काढा. ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा अव्यावसायिक शैक्षणिक केंद्रांसाठी राखीव आहे आणि तिथे जाहिरात चालत नाही. चालते ती अंडररायटिंग, म्हणजे ‘यांच्या सौजन्याने’. बेकरीचं नाव, पत्ता, फोन, ती काय बनवते, इतकं सांगता येतं. ‘गावातला सर्वांत चविष्ट पाव’ म्हटलं की तुलना झाली. ‘फक्त दोन डॉलर’ म्हटलं की किंमत सांगितली. ‘आजच भेट द्या’ हे आवाहन झालं. तिन्ही एफसीसीला, म्हणजे प्रसारणावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाला, चालत नाहीत. मजकूर देणारा दुकानदार हे शब्द हटकून घालतो, आणि ते काढायचं काम तुमचं.

दर तासाच्या टोकाला केंद्राची ओळख द्यायची: आधी केंद्राची परवान्यातली ओळख-अक्षरं, लगेच परवान्यातलं गावाचं नाव. मध्ये फ्रिक्वेन्सी किंवा परवानाधारकाचं नाव चालतं, घोषवाक्य नाही. आपत्कालीन इशारा यंत्रणेची चाचणी दर आठवड्याला आणि मोठी चाचणी दर महिन्याला. केंद्राने परिसरातल्या कोणत्या प्रश्नांवर कार्यक्रम केले, याची यादी दर तिमाहीनंतर १० तारखेपर्यंत ऑनलाइन फायलीत चढवायची. म्हणजे १० जानेवारी, १० एप्रिल, १० जुलै आणि १० ऑक्टोबर. हे काम कुणालाच आवडत नाही. म्हणूनच पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने मागितलं तर लगेच मिळतं, आणि केंद्रप्रमुखाच्या टेबलाजवळ खुर्चीही मिळते.

इतर संस्थांसाठी निधी मागण्याचा नियम ख्रिस्ती केंद्रांना विशेष लागू पडतो. नेहमीचे कार्यक्रम थांबवून दुसऱ्या संस्थेसाठी पैसे मागायला अव्यावसायिक केंद्रांना मनाई होती. २०१७ मध्ये एफसीसीने ती सैल केली: सरकारी प्रसारण निधी न घेणाऱ्या केंद्रांना वर्षाच्या प्रसारणवेळेच्या १ टक्क्यापर्यंत मुभा आहे. अनाथाश्रमासाठी दिवसभराची मोहीम ठरली की त्या वर्षाचे तास आधी मोजा.

काम आणि पैसे

एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, सत्र चालू असताना आवारातलं काम आठवड्याला २० तासांपर्यंत चालतं. चॅपेलची पगारी टीम, साहित्य-खोली, रेडिओ केंद्र हे सगळं त्यात बसतं. आवाराबाहेरची इंटर्नशिप साधारण एक शैक्षणिक वर्ष झाल्यावर, सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, परवानगी घेऊन.

फसगत होते ती गावातल्या चर्चमध्ये. तुम्ही कॅमेरा चालवता हे कळलं की कुणीतरी प्रेमाने रविवारी बोलावतं, आणि उपासना संपल्यावर हातात पाकीट ठेवतं. देणाऱ्याच्या मनात भेट असते. इमिग्रेशनच्या भाषेत कामाच्या बदल्यात मिळालेले पैसे म्हणजे विनापरवाना नोकरी. ज्या कामाला ते चर्च एरवी माणूस ठेवून पैसे देतं, ते फुकट केलं तरी प्रश्न सुटतोच असं नाही. पाकीट परत करा आणि पुढच्या रविवारच्या आधी विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारा. जेवायला थांबा म्हणाले तर थांबायला हरकत नाही.